रेहानाचा पिंगर

“पिंगर जाळ्याक बांधलेले होते, तरी दोन पॉर्पॉइज मेले,” देवगडचे तांडेल मला फोनवर सांगत होते. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आमची फॅक्टरी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत. मूळ काम पाणबुडी मोटारींच्या स्टार्टरचं. पिंगर ही नवी ऑर्डर. मुठीएवढं यंत्र, जाळ्याला बांधायचं, ते पाण्याखाली पीप-पीप करतं. बारीक दोऱ्याचं जाळं डॉल्फिनला वेळेत कळत नाही. पॉर्पॉइज हा त्याचा बुटका, पाठीवर पर नसलेला भाऊबंद, त्याचंही तेच. दोघांनाही श्वासाला वर यावं लागतं. अडकले की गुदमरतात. आवाज ऐकून त्यांनी लांब राहावं, एवढीच अपेक्षा.

पिंगर परत मागवून टाकीत सोडले. सगळे वाजत होते.

“चालू हायत की!” आमचे मालक बिराजदार साहेब म्हणाले. “मग आपला काय दोष?”

रेहाना आमची टेस्टिंग इंजिनिअर. सोलापुरात वाढलेली, समुद्र कधी न पाहिलेली. तिने तांडेलांना फोन लावला. “दादा, बांधता कसं? फोटो पाठवा की.”

फोटोत पिंगर दिसेनाच. नुसत्या काळ्या गुंडाळ्या.

“फुटात म्हणान वरसून सायकलची ट्यूब गुंडाळली,” तांडेल म्हणाले. आमच्याकडे पाठवताना त्यांनी ट्यूब काढून, यंत्रं पुसून दिली होती.

रेहानाने एक पिंगर तसाच गुंडाळून टाकीत सोडला. शेजारी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माईक. स्क्रीनवरची रेघ जवळजवळ आडवी झाली. रबराखाली अडकलेली हवा आवाज अडवत होती.

“स्टिकर लावू. गुंडाळू नका म्हणून,” साहेब म्हणाले.

रेहाना उठली. स्टोअरच्या माळ्यावर चढली आणि वरून एक पिंगर सोडला. फरशीवर पडून त्याला तडा गेला.

“बोटीच्या काठावर हे रोज असंच आपटतं, साहेब. त्यांनी जपलं. कच्चं आपण बनवलं.”

साहेबांनी तडा गेलेला तुकडा हातात फिरवून पाहिला. नाराज होतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “बॉडी बदला. तोवर एकही नग जाणार न्हाय.” मालकाने असं म्हणायला छाती लागते.

रेहानाने जाड नायलॉनची, गोल टोकांची बॉडी केली. फुटायची, पुन्हा करायची. शेवटची फुटेना, तेव्हा साहेबांनी स्वतः आपटून पाहिली आणि लहान मुलासारखे हसले.

नवे पिंगर घेऊन आम्ही दोघं देवगडला गेलो. तांडेलांच्या बोटीने धक्का सोडल्यापासून रेहानाला उलट्या. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने हायड्रोफोनची वायर धरलेली.

“परत फिरूया काय गे?” तांडेलांनी विचारलं.

“नको. जाळं वर येऊ द्या.”

जाळ्यात बांगडा आला, बाकी काही नाही. तेवढ्यात लांबवर एक करडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास घेतला आणि उघड्या समुद्राकडे वळली. रेहाना बादली विसरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं; खारा वारा लागला, म्हणाली.

पुढे त्या बोटीच्या जाळ्यात एक पॉर्पॉइज मेला. त्या बाजूच्या पिंगरची बॅटरी संपली होती. तांडेलांनी ते लपवलं नाही. रेहाना आता बॅटरी संपत आली की दिवा लागेल अशा मॉडेलवर काम करते आहे.

यंत्र चालतं की नाही, हे टाकीत कळतं. कामाला येतं की नाही, हे बघायला बोटीवर जावं लागतं, उलट्या झाल्या तरी.