उजव्या बाजूची जागा

"बाईच चालवून राह्यली होती मोटार. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं न भाऊ!"

ब्रह्मपुरीच्या दवाखान्याच्या फाटकापाशी एक बंडीवाला बैलगाडी उभी करून चौकीदाराला सांगत होता. मी व्हरांड्यात खांबाच्या आड उभी होते. त्यांना मी दिसत नव्हते.

"बाई कुठची चालवते मोटार?" चौकीदार हसला. "सकाळीच टाकून आला काय बे?"

"घ्या! उजव्या बाजूले बसून होती. तिनं हात काढला म्हून ट्रकवाल्यानं ब्रेक मारला. नाई तं चेंदा झाला असता आज."

मोटार आमचीच होती, समोर कडुनिंबाखाली उभी. आणि ती माझ्या दादानं चालवत आणली होती.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकते. नागपूरच्या कॉन्व्हेंटात मुली रात्री भुताच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा सगळ्यांत आधी झोपायची ती मीच. शिवाय मी बोलण्यातही मागे. चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. लिहिणं त्या मानानं सोपं जातं, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर सिंदेवाहीला. दादा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता, तिथून अमेरिकन गाड्यांचं वेड घेऊन आला. मोहर्लीकडे लाकडाच्या एका बंद डेपोच्या शेडमध्ये त्याला ही जुनी अमेरिकन मोटार सापडली. कापडी टपाची, नावाची पट्टी निखळलेली, सीटमध्ये उंदरांची घरटी. कोणाची, ते तिथं कोणालाच धड सांगता येईना. "कोन्या साहेबाची व्हती म्हंतेत," एवढंच. बैल जुंपून ती घरी ओढत आणली आणि मागच्या अंगणात तिचा संसार मांडला. दादानं ट्रकच्या भंगारातले भाग कापून, घासून तिला बसवले. ब्रेकला नवं अस्तर ठोकलं. रेडिएटर गळायचा, तर गळती बुजावी म्हणून वहिनीचा हळदीचा डबाच त्यात रिकामा केला.

"हळद तं लागली," वहिनी म्हणाली, "आता कुंकूबी लावा अन् घरात घ्या सवतीले!"

दादा हसला नाही. वहिनीला दिवस गेले होते. पहिलं बाळ स्टेशनवर रेल्वेची वाट पाहता पाहताच गेलं होतं. या वेळी रेल्वेच्या भरवशावर राहायचं नाही, हे त्यानं मनाशी धरलं होतं. बोलला मात्र कोणाजवळच नाही. नुसता ठोकत बसायचा.

या मोटारीचं स्टिअरिंगचं चाक डावीकडे. आपल्याकडच्या रस्त्यावर ते फार अडचणीचं. पुढं बंडी असली की डावीकडं बसलेल्या माणसाला समोरून काय येतंय ते दिसत नाही, आणि वळताना-थांबताना उजवीकडून हातही दाखवता येत नाही. ते काम उजवीकडे बसणाऱ्याचं, म्हणजे माझं. दादा म्हणायचा, "हात दे," की मी खिडकीबाहेर हात काढायची. पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही तेही मीच सांगायचं. पण मोटार पाहायला पोरं-बाया जमायच्या आणि मला ओरडून बोलायची लाज! मग मी त्याच्या दंडावर थोपटायची. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे जा.

"इतकी इंग्रजी शिकली, अन् तोंडाले कुलूप," दादा चिडवायचा.

उजव्या दाराच्या वरच्या काठावर एका जागी रंग उडून पत्रा चकचकीत झाला होता. वर्षानुवर्षं कोणाचं तरी कोपर तिथं टेकलेलं असणार. माझं कोपर तिथपर्यंत पोचत नसे, बरंच मागं पडायचं. जी कोणी तिथं बसायची, तिचे हात लांब असावेत... तेव्हाही माझ्या मनात 'तिचे' असंच आलं होतं. का, ते ठाऊक नाही. पुढं दादानं सगळी मोटार नव्यानं हिरवी रंगवली आणि ती खूण झाकून गेली.

कार्तिकात, धान कापणीच्या ऐन गर्दीत, वहिनीच्या पोटात दुखू लागलं. दिवस भरायला अजून अवकाश होता. सकाळची रेल्वे निघून गेलेली. वहिनीला मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. धूळ येऊ नये, लोकांनी डोकावू नये म्हणून मागचे दोन्ही कापडी पडदे मी स्वतः बटणं लावून बंद केले. पुढची उजवी जागा रिकामी होती.

नागभीड मागं पडलं, ब्रह्मपुरी दोन-तीन मैलांवर आली आणि पुढं धानाच्या भाऱ्यांनी लादलेल्या बंड्यांची रांग लागली. रस्ता अरुंद, दोन्हीकडं धानाच्या शेतांच्या खोल बांध्या. वहिनीनं माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. तिची नखं रुतत होती.

"अजी, लवकर करा नं... हे बी जाईन," ती म्हणाली.

दादानं हॉर्न दिला. बंड्या हलेनात. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. त्यानं मोटार उजवीकडं काढली. समोर भाऱ्यांची भिंत, तिच्यापलीकडचं त्याला काही दिसणं शक्यच नव्हतं. मलाही नाही. थांब म्हणावं असं मनात आलं, पण तोंडाचं कुलूप उघडलं नाही.

आणि दादानं एकदम ब्रेक दाबला. मोटार थरथरत डावीकडं, बंडीच्या मागं आली. समोरून लाकडाचा ट्रक करकरत, निम्मी चाकं रस्त्याखाली उतरवत, आमच्या अगदी जवळून गेला.

थोड्या वेळानं दादा म्हणाला, "बरं झालं थोपटलं तू, शालू."

माझे दोन्ही हात वहिनीच्या मुठीत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वहिनीला लगेच आत नेलं. दादा दारापाशी उकिडवा बसला. दुपारी बाळ रडल्याचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. मुलगी. दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला एकटं सोडावं म्हणून मी व्हरांड्यात आले, तर हा बंडीवाला फाटकापाशी.

जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. अनोळखी माणसाजवळ स्वतःहून गेले.

"भाऊ, कशी होती ती बाई?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू नाई. तुह्या हातात तं बांगड्या हायेत. तिची बाही पांढरी होती, मनगटाजवळ बटन. हात असा खाली-वर, खाली-वर केला. सायबिणीवानी."

उजवीकडे बसली म्हणून त्याला तीच चालवणारी वाटली, एवढं मला समजलं. बाकीचं नाही. पडदा फडफडला असेल म्हणावं, तर पडदे उतरतानाही बंदच होते. दादाला नेमकं विचारलं तेव्हा त्यानं उजव्या दंडावर हात ठेवला. "इथी. एकदाच थोपटलं. थांब म्हून." आत वहिनी म्हणाली, "शालूबाईचे हात म्या सोडलेच नाई."

या गोष्टीला दोन वर्षं झाली.

त्याच दिवशी ऊन कलायच्या आत सिंदेवाहीहून बाळंतिणीचं सामान आणायला दादा आणि मी निघालो. मी उजव्या दारापाशी गेले. काठावरचा नवा हिरवा रंग एकाच जागी, मूळच्याच जागी, घासून निघाला होता. खाली पत्रा चमकत होता.

"रंग कच्चा होता," दादा म्हणाला. पण माझ्याकडं न बघता म्हणाला. "बस न. काऊन उभी राह्यली?"

चौकीदार बघत होता, बंडीवाला बघत होता, दोन-चार बायाही थांबल्या होत्या. मी दार उघडलं आणि रिकाम्या जागेकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"तुम्ही थकला असाल. सरका जरा. आता हात मी देते."