तळमजल्यावरची पडताळणी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन नंबरच्या घरात भाऊजी एकोणतीस वर्षं राहिले. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. आमचे हे आणि ते एकाच वर्तमानपत्रात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून नोकरी करायचे, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि ते मला वहिनी. इमारतीतली मुलं त्यांना पूर्णविराम आजोबा म्हणत.

दोघांचं काम छपाईतल्या चुका शोधण्याचं. त्यांच्याकडे शेअर बाजाराचं पान होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत कंपनीचं नाव, कालचा भाव, आजचा भाव, अशा तीनेकशे ओळी. हे काम एकट्याने होत नाही. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट फिरवत जायचं. भाऊजींचा आवाज खणखणीत, म्हणून ते वाचत. यांची नजर तीक्ष्ण, म्हणून हे तपासत. "दोनशे चौदा दशांश तीन पाच, पूर्णविराम," असं म्हणून भाऊजी थांबायचे. हे "हं" म्हणायचे. मग पुढची ओळ. हं आल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम.

एकतीस वर्षांच्या नोकरीत तो एकदाच मोडला. कसल्याशा घाईच्या दिवशी भाऊजी न थांबता पुढे गेले आणि एका भावातलं टिंब गळालं. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला. आपल्याकडच्या शेअरचा भाव शंभरपट झाला असं समजून त्या गृहस्थांनी सकाळीच साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवला होता. तो त्यांना परत घेता आला की नाही, हे भाऊजींना कधी कळलं नाही. निवृत्तीनंतरही मधूनच म्हणायचे, "काय झालं असेल हो त्यांचं?"

स्वतः भाऊजींनी जन्मात एक शेअर घेतला नाही. समोरच्या घरातले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्यांना जिन्यात गाठून विचारायचे, "काय, आज काय घेऊ?" भाऊजी म्हणायचे, "तो भाव दोन्ही पेपरांत सारखा आहे, एवढं सांगू शकतो."

दोन्ही पेपर म्हणण्याचं कारण असं. भाऊजी त्यांचा जुना पेपर घ्यायचे. आमच्याकडे मात्र दुसराच यायचा, कारण आमचे हे म्हणायचे की घरी आपलाच पेपर वाचणं म्हणजे रविवारी हापिसात जाण्यासारखं आहे. हे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. ते गेल्यावर महिन्याभराने एका सकाळी भाऊजी दोन जिने चढून वर आले. दारात उभे राहिले, आत येईनात. हातात पेपर. म्हणाले, "वहिनी, तुमच्या पेपरात भावांचं पान येतं ना? मी वाचतो. तुम्ही फक्त बघायचं आणि हं म्हणायचं."

तेव्हापासून रोज सात वाजून दहा मिनिटांनी मी माझा पेपर घेऊन खाली जायचे. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. खिडकीपाशी वेताची खुर्ची माझी, टेबलाजवळची लाकडी त्यांची. त्यांच्यासमोर अर्धं उकडलेलं अंडं आणि भाजलेला पाव. टोस्टर एका बाजूनेच भाजायचा, म्हणून पाव ते फिरवून पुन्हा घालायचे आणि दर वेळी म्हणायचे, "दुसरी आवृत्ती." तीनशे ओळींना पाऊण तास लागे. वर्षातून चार-पाचदा दोन पेपरांतले आकडे जुळायचे नाहीत. त्या दिवशी भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा असे. मग ज्या पेपराचं चुकलं असेल त्याला पोस्टकार्ड जायचं. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. खाली पाठवणाऱ्याचा पत्ता: तळमजला, घर नंबर दोन. उत्तर कधीही आलं नाही. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे.

लिहिताना माझी चूक झाली की मी ती गिरवून काळी करायचे. शाळेत सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं, चूक कुणाला दिसता कामा नये. भाऊजींना ते पटायचं नाही. लाल पेन्सिल पुढे करून म्हणायचे, "एकच रेघ मारा, वहिनी. काय चुकलं होतं ते खालून वाचता आलं पाहिजे."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने तो डबा आणला. मुलगा लांबच्या शहरात, नवव्या मजल्यावर राहतो. डबा दिसायला कणकेच्या लहान डब्यासारखा, त्याला एक काचेचा डोळा. प्रश्न विचारला की उत्तर देतो, आणि त्या डोळ्यातून मुलाला आपल्या फोनवर घर दिसतं. मुलाने तो पुस्तकांच्या फळीवर ठेवला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय, माझी ना नाही. पण मला दिसलं पाहिजे की तुमचं नीट चाललंय. नाहीतर माझ्याकडे यायचं, मग कुरकुर नाही."

"नीटच चाललंय," भाऊजी म्हणाले. तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, "वहिनी, मला या घरातून हलायचं नाहीये." डबा ऐकेल म्हणून हळूच.

डब्याशी त्यांचं जमलं नाही असं नाही. त्यांनी त्याला एका कंपनीचा भाव विचारला. डब्याने सांगितला. भाऊजी म्हणाले, "हं." डबा म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही." भाऊजींनी त्याला समजावलं, "तुझं बरोबर असेल रे बाबा, पण तू कुणाबरोबर पडताळलंस?" मुलाला निरोपही ते डब्यातूनच पाठवायचे: "बाळ, स्वल्पविराम, मी बरा आहे, पूर्णविराम, पाव आणला, पूर्णविराम." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नऊ वर्षं ऐकून माझ्या कानांना ते जाणवेनासंच झालं होतं. मुलाला मात्र ते नवं होतं. बापाला हापिसात काम करताना त्याने कधी बघितलंच नव्हतं.

या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लेक येऊन घेऊन गेली. तिच्याकडे मी तेवीस दिवस राहिले. पट्टी असल्यामुळे माझ्या डायरीतही त्या दिवसांत रोज एकच ओळ आहे, तीही तिरकी.

परत आले त्याच आठवड्यात रविवारी भाऊजींचा मुलगा, सून आणि नात गाडी घेऊन हजर. तळ्याकाठच्या हॉटेलात जेवायला जायचं ठरलं. "काकू, तुम्हीही चला," मुलगा म्हणाला. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीत पुढे बसले आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांतल्या चुका मोजत राहिले.

हॉटेलात टेबलावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवला होता. त्यावर फोन धरला की पदार्थांची यादी उघडते. भाऊजींनी कागदावरची यादी मागितली. वाढप्याने खणातून एक काढून दिली.

"तू फोनवरचं वाच. सावकाश," भाऊजी नातीला म्हणाले.

नात वाचू लागली. भाऊजी कागदावर बोट फिरवत हं, हं म्हणत गेले. नवव्या ओळीला बोट थांबलं.

"मश्रूम सूप. इथे वेगळा आकडा आहे."

"फोनवरचा नवा भाव आहे, आजोबा," वाढपी म्हणाला.

"मग हा जुना कागद कशाला ठेवलात?"

"मागणारेही जुनेच असतात ना."

भाऊजी इतके हसले की सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. सूप सगळ्यांनी मागवलं. ते पातळ होतं, पण गरम होतं.

जेवण झाल्यावर नात त्यांना बदकं दाखवायला पाण्याकडे घेऊन गेली. ते दूर गेलेले बघून मुलाने खुर्ची माझ्याकडे ओढली.

"काकू, हे बघा." त्याने फोन माझ्या हातात दिला.

डब्याच्या डोळ्याने टिपलेलं भाऊजींचं घर होतं. सकाळचं ऊन. भाऊजी पेपर धरून वाचत होते. ओळ संपली, पूर्णविराम म्हणाले, आणि मान उचलून वेताच्या खुर्चीकडे बघत थांबले. खुर्ची रिकामी होती. मग त्यांनी पुढची ओळ वाचली. पुन्हा थांबले. एक हं म्हणायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच. ते माझ्या 'हं'साठी थांबत होते की आमच्या यांच्या, हे मला त्यांना कधी विचारता आलं नाही.

"रोज असं. तेवीस दिवस," मुलगा म्हणाला. "आणि ते पूर्णविराम, स्वल्पविराम. उद्या अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय. मेंदूचे डॉक्टर आहेत. बाबांना बोललो नाहीये."

"म्हणजे सहल ही नव्हे," मी म्हटलं.

"सहलही आहेच, काकू."

मी साठ वर्षं डायरी लिहिते आहे. न घडलेलं त्यात एकदाही लिहिलेलं नाही. पण त्या टेबलाशी बसून मी म्हटलं, "अरे, मी फोनवर असायचे. फोन टेबलावर ठेवून ते मला वाचून दाखवायचे. माझा डोळा बांधलेला, तेवढाच विरंगुळा."

मुलाने सुस्कारा सोडला. सून म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? काहीतरी कारण असणार."

भाऊजी परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना चिखल लागला होता. मुलगा हसून म्हणाला, "काय बाबा, काकू फोनवर असायच्या हे सांगायचं नाही का? आम्ही उगाच घाबरलो."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. आकडा जुळला नाही की ते असंच बघत. मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागले.

"नव्हत्या," ते म्हणाले. "वहिनी चांगुलपणाने बोलल्या. ते काढून टाक. एक फोन आला नाही, एक केला नाही. त्यांच्या डोळ्याला आवाजाचा त्रास होईल असं मला वाटलं. डोळ्याला आवाजाचा कसला त्रास, पण वाटलं."

"मग वाचत कुणाला होता?"

"कुणाला नाही. खुर्ची रिकामी आहे हे तुझ्या डब्याइतकंच मलाही दिसत होतं. थांबायची सवय आहे म्हणून थांबत होतो. उद्या अकरा वाजता डॉक्टरांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगेन."

"अकरा तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सूनबाई गाडीत फोनवर दोनदा म्हणाल्या. कान शाबूत आहेत."

नात बदकांचे फोटो बघत होती. मग मुलगा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे तेवीस दिवस तुमच्याशी बोलायला एक माणूस नव्हतं, बाबा."

डोकं फिरलंय असा आरोप डॉक्टरांच्या कागदाने खोडता आला असता. एकटेपण मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडाने शाबीत करून दिलं होतं. माझं खोटं त्यांनी चालवून घेतलं असतं तर ते आज खाली असते. पण चालवून घेतलं असतं तर ते भाऊजी नव्हते.

डॉक्टरांची वेळ रद्द झाली. त्याऐवजी सामानाची बांधाबांध सुरू झाली. भाऊजींनी कुरकुर केली नाही, तसं ठरलंच होतं. दोन बॅगा झाल्या. टोस्टर त्यांनी मला दिला, लाल पेन्सिलींची डबी दिली, आणि त्यांचा पेपर माझ्या दारात टाकायला पेपरवाल्याला सांगितलं. मुलाने घराची किल्ली माझ्याकडे ठेवली, कुंड्यांना पाणी घालायला. डबा मलाच देत होता. "काकू, तुम्हालाही सोबत होईल." मी नको म्हटलं.

पहिले काही दिवस सात वाजून दहा मिनिटांनी फोन यायचा. पण तिकडे कागदाचा पेपर कुणी घेत नाही. भाऊजी मुलाच्या यंत्रावर भाव बघायचे. "वहिनी, इथे वाचेपर्यंत आकडा बदलतो. तपासायचं तरी काय?" शिवाय त्या वेळी तिकडे नातीच्या शाळेची धांदल. मग फोन रविवारी येऊ लागला, आणि रविवारी बाजार बंद असतो. भाऊजी जेवणात काय होतं ते सांगतात. मी इथली हवा सांगते.

रोज सकाळी माझ्याकडे दोन पेपर येतात. मी एकातली ओळ मोठ्याने वाचते आणि दुसऱ्यात शोधते. तोवर पहिल्यातली जागा हरवते. पाऊण तासाच्या कामाला दोन तास लागतात. एका गुरुवारी आकडे जुळले नाहीत. दोन दशांश तीनचा फरक. तीन वेळा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग पोस्टकार्ड घेतलं आणि पेपराला न लिहिता भाऊजींनाच लिहिलं. कंपनी, दोन्ही भाव, तारीख. खाली, 'कोणाचं बरोबर ते कळवावे.' लगेच जाऊन टाकून आले.

आठ दिवस उत्तर नाही. रविवारच्या फोनवरही ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी कुंड्यांना पाणी घालायला खाली गेले. दार उघडलं तर फटीतून आत सरकवलेलं माझंच कार्ड फरशीवर पडलं होतं. पत्ता माझ्याच स्वच्छ अक्षरात: तळमजला, घर नंबर दोन. नऊ वर्षं कार्डाच्या खाली लिहायची ती ओळ हाताने आपणहून वर लिहिली होती.

वेताच्या खुर्चीवर बसून मी कार्ड पुन्हा वाचलं. आकडे बरोबर होते. मग वर जाऊन डबीतली लाल पेन्सिल आणली. चुकलेल्या पत्त्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी त्या लांबच्या शहराचा पत्ता लिहिला. नववा मजला.

कुंड्यांना पाणी घातलं, दार लावलं. टपालपेटी साडेदहाला उघडतात. पोचायला वेळ होता.