उपकेंद्राच्या जागी सेल्फी पॉइंट

वॉर्ड तीनची जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा आमच्या आळीतल्या पुरुषांनी दोन दिवस दुःख पाळलं आणि तिसऱ्या दिवशी बाई शोधायला सुरुवात केली. अटी दोनच होत्या. सही करता आली पाहिजे आणि तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. सही मला येत होती. दुसरी अट कोणी तपासून घेतली नाही. माझी पिठाची गिरणी आहे, तिच्या आवाजात दिवसभर माझं बोलणं कोणाला ऐकू जात नसे, त्यामुळे मी अबोल आहे असा सगळ्यांचा समज होता. मी बिनविरोध निवडून आले.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या थोडं पुढे, रस्त्यालाच लागून आहे. माझ्या गिरणीच्या समोर, रस्त्यापलीकडे आरोग्य उपकेंद्र. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, पुढे ओटा, बाजूला जांभळाचं झाड. सिस्टर मुरबाडहून जीपने यायच्या. जीप भरल्याशिवाय हलत नसे, म्हणून त्यांना कधी नऊ वाजत, कधी साडेदहा, पण आल्याच नाहीत असं क्वचित व्हायचं. पोरांच्या लसी, गरोदर बायांची तपासणी, ताप, जुलाब, विंचू, एवढाच त्यांचा कारभार. "एवढ्याशा खोल्यांत होतं तरी काय?" असं विचारणारे सगळे मोटारसायकलवाले. कातकरवाडीवरून पोर कमरेला मारून चालत येणाऱ्या बाईने ते कधी विचारलं नाही.

मला निवडून येऊन वर्ष होत आलं असेल, तेव्हा मासिक सभेत उपसरपंचांनी एक पत्र काढलं. उपसरपंच नात्याने माझे दीर लागतात. घराणं जुनं, भाताची जमीन रस्त्याला लागून, त्यातल्या एका तुकड्यावर त्यांचा ढाबा आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला भिजायला जाणारे शहरातले लोक त्यांच्याकडे थांबतात, भजी खातात, निसर्ग किती सुंदर आहे ते सांगतात आणि प्लास्टिकच्या बाटल्या निसर्गाजवळच ठेवून जातात. त्यांची सेवा करता करता उपसरपंचांना विकासाची दृष्टी आली होती.

"इमारत धोकादायक, पेशंट नाय, असा वरचा अहवाल हाय," ते म्हणाले. "उपकेंद्र पुढच्या मोठ्या गावाला जोडायचं. म्हणजे ही रस्त्याकडची जागा मोकळी होतेय. तिथं सुशोभीकरण करू."

"म्हणजे काय करायचं, भावोजी?"

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. कुठल्याशा शहरात माणसाच्या उंचीची लाल अक्षरं उभी होती आणि मध्ये बदामाचा आकार. "सेल्फी पॉइंट! लोक थांबतील, फोटो काढतील, गावाचं नाव जगात जाईल."

"आणि विंचू चावला तर?"

"वहिनी, तुमी कायम निगेटिव्ह बोलता."

"मग विंचवाला पॉझिटिव्ह काय सांगू?"

सभेत कोणीतरी हसलं, आणि उपसरपंचांनी वळून बघताच खोकायला लागलं. मी सरपंचांकडे पाहिलं. आमचे सरपंच स्वभावाने फार चांगले. ते कोणालाच नाही म्हणत नाहीत. ते उपसरपंचांना "बरोबर" म्हणाले आणि मलाही "बरोबर" म्हणाले.

"पेशंट नाहीत हे मोजलं कोणी?" मी विचारलं.

"ऑनलाइन हाय," उपसरपंच म्हणाले. ऑनलाइन हा शब्द आला की आमच्या सभेत आकाशवाणी झाल्यासारखी शांतता पसरते. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद करून मी रस्ता ओलांडला. सिस्टर जांभळाखाली मोबाइल वर धरून उभ्या होत्या, कारण रेंज त्या झाडाखालीच येते. मी पत्राचं सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ज्यांचं उपकेंद्र त्यांना न सांगणं हीच बहुधा पद्धत असावी.

"पण पेशंट तर रोज दिसतात मला समोरून," मी म्हणाले. "मग ऑनलाइन कसे नाहीत?"

"ताई, ह्याच्यात नाव भरायचं तर आधार नंबर लागतो, नंबर टाकला की रेंज लागते," त्या म्हणाल्या. "वाडीतल्या निम्म्या बायांचं आधार नाही. आहे त्यांचं वीटभट्टीवर हरवलंय. आधार नसलेलं माणूस मोबाइलमध्ये आजारी पडतच नाही."

"मग त्यांना तुम्ही परत पाठवता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आत जाऊन त्यांनी कपाटातून तीन जाडजूड रजिस्टरं काढली. प्रत्येक माणूस, प्रत्येक गोळी, प्रत्येक सुई, निळ्या पेनाने. "मोबाइल आल्यापासून हे कोणी मागितलंच नाही," त्या म्हणाल्या. "पण हाताची सवय जात नाही."

त्या रजिस्टरांच्या झेरॉक्स अर्जाला जोडून मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. पहिल्या टेबलाने मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. दुसरं टेबल जेवायला गेलं होतं. पुढच्या खेपेला दुसरं टेबल जागेवर होतं, पण त्याने सांगितलं की अर्ज पहिल्या टेबलाकडूनच यायला हवा. तिसऱ्या खेपेला एका कारकुनाने मला आपुलकीने विचारलं, "मॅडम, मिस्टर नाही आले?" मी म्हटलं, ते गिरणी सांभाळतायत, त्यांना दळणातलं जास्त कळतं. त्या दिवशी मात्र अर्जावर शिक्का पडला. तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब स्वतः पाहणीला येतील असं ठरलं.

साहेब दोनदा येणार होते आणि दोनदा आले नाहीत. एकदा मीटिंग होती, एकदा गाडी नव्हती. तोवर दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर आमची कातकरवाडी रिकामी होते. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांचे टेम्पो येतात, भांडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी माणसं सगळी चढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. टेम्पो गेले की उपकेंद्रात खरोखरच कोणी उरणार नव्हतं. साहेबांची नवी तारीख नेमकी टेम्पोचीच निघाली.

मी वाडीवर गेले. वाडीतल्या म्हातारीला सगळे आजीच म्हणतात. उपकेंद्र होण्याआधी ती सुईण होती, अर्धं गाव तिच्या हातांवर जन्माला आलंय. ती दारात बसून गोधडी बांधत होती.

"आजी, उद्या साहेब येणार. टेम्पो थोडा थांबवता येईल? दवाखान्यात माणसं दिसली पायजेत."

"कशी माणसं आणू गो बाय? आजारी का चांगली?"

"आजारीच आण."

"मंग सगळ्यांनाच आणते," ती म्हणाली आणि गोधडीची गाठ आवळली.

दुसऱ्या दिवशी दहाला वाडी उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसली. कोणी गोंधळ केला नाही. दोन पोटुशा बाया भिंतीला टेकून, पोरं मांडीवर, एकाचा पाय सुजलेला. टेम्पोवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. आजी त्याला दर हॉर्नला तितक्याच शांतपणे सांगत होती, "आमी सुई घेऊ, मंग निघू."

उपसरपंचांची तयारी वेगळी होती. शाल, नारळ, गुच्छ आणि सेल्फी पॉइंटचं रंगीत चित्र. साहेबांची जीप थांबताच त्यांनी गुच्छ पुढे केला. आरोग्याची पाहणी करायला आलेल्या माणसाला आधी नारळ द्यायचा असतो, हे मला नव्यानेच कळलं.

साहेब तसे साधे होते. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "पेशंट नाहीत म्हणालात ना?"

"साहेब, ही आज आणलेली माणसं हायत," उपसरपंच म्हणाले. "भाड्याची."

आजी उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "तू जल्मलास तवा मी भाड्याने नव्हते आले रे."

ओट्यावर कोणी हसलं नाही, पण साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. उपसरपंचांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते तरातरा आत गेले, आम्ही मागोमाग. "पत्रे बघा, साहेब. भिंत बघा. हे बीपीचं मशीनसुद्धा बंद. नुसतं शोभेला ठेवलंय." आणि ते सिद्ध करायला त्यांनी बाही वर सारून हात सिस्टरसमोर धरला. "लावा. लावा ना."

सिस्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे पाहिलं. पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या हाताला बांधला.

"दोनशे दहा," त्या हळूच म्हणाल्या. "खालचा एकशे वीस."

"बघितलंत?" उपसरपंचांना कोण आनंद झाला. "बिघडलंय का नाय?"

साहेबांनी स्वतःचा हात पुढे केला. ठीक निघाला. आजीला आत बोलावून तिचा हात पाहिला. तिचा तर विशीतल्या पोरीसारखा. मशीन चांगलं होतं. बिघडलेलं काय ते खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं, फक्त उपसरपंच सोडून.

"डोकं दुखतंय का?" सिस्टरांनी विचारलं.

"सकाळपासून ठणकतंय जरा. उन्हाने."

"हात जड वाटतोय?"

ते उत्तर देताना अडखळले. शब्द तोंडात नीट वळेना. सिस्टरांनी त्यांना धरून खाटेवर झोपवलं, उशी सारखी केली, कपाटातून गोळी काढून दिली आणि साहेबांना सरळ हुकूम केला, "तुमची जीप लागेल. आत्ता." साहेब ड्रायव्हरला हाक मारायला धावले. ऑफिसातलं कुठलंही काम एवढ्या झटकन झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मला काय वाटलं ते खोटं सांगणार नाही. मशीनचा आकडा ऐकला त्या क्षणी मला बरं वाटलं. आतून कोणीतरी म्हणालं, घ्या आता. मग ढाब्यावरून माझी जाऊ धावत आली. हात बेसनाने माखलेले, पायात चप्पल नाही. तिने माझा दंड धरला. "वयनी, काय झालं त्यांना? जातील का हो?" माझ्या बाहीवर तिच्या पाचही बोटांचं पीठ उमटलं. मी म्हटलं, काही नाही होणार, सिस्टर आहेत. आणि मघाशी आत जे काही खूश झालं होतं त्याला मी मनातल्या मनात चांगलं खडसावलं.

जीपमध्ये पुढे साहेब, मागे सिस्टर, भावोजी आणि जाऊ. जाताना सिस्टर खिडकीतून ओरडल्या, "ताई, ह्या दोघी गरोदर बायांना जाऊ देऊ नका, तपासायच्यात!" मी टेम्पोवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. सिस्टर दुपारी तीनला शेअर जीपने परत आल्या. मुरबाडहून भावोजींना पुढे कल्याणला नेलं होतं, पण वेळेत पोचले होते. सिस्टर ओट्यावर बसून दोन घोट पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिल्या बाईला आत बोलावलं. वाडी साडेपाचला निघाली.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. महिनाभराने पत्र आलं की उपकेंद्र पुढील आदेश होईपर्यंत आहे तिथेच राहील. भावोजी आठ दिवसांत घरी आले, उजवा हात अजून थोडा हळू चालतो, जीभ मात्र पूर्ववत झाली. नवे पत्रे बसले तेव्हा रस्त्यावर बॅनर लागला. उपकेंद्र वाचवल्याबद्दल उपसरपंचांचं हार्दिक अभिनंदन. फोटो त्यांचाच, हसरा, शाल पांघरलेला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझंही नाव होतं. त्यात वेलांटी चुकलेली होती.

"भावोजी, तुम्ही कधी वाचवलंत?" मी विचारलं.

"मी हात नसता पुढे केला तर?" ते म्हणाले.

दर सोमवारी ते गोळ्या न्यायला येतात. रांगेत बसायला लागू नये म्हणून आधी खूप प्रयत्न केले, पण सिस्टर ऐकत नाहीत. आता ओट्यावर वाडीतल्या बायांच्या शेजारी बसतात आणि त्यांना विकासाबद्दल सांगतात. सेल्फी पॉइंटही झालाच, एसटीच्या थांब्यापाशी. लाल अक्षरं, मध्ये बदाम. बदामाच्या खाली बसायला जागा आहे आणि वर सावली, त्यामुळे गाडीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सोय झाली. गावाला त्याचा एवढा उपयोग होईल असं भावोजींना वाटलं नव्हतं, मलाही नाही.

पावसाच्या आधी वाडी परतली. त्या दोन पोटुशा बायांपैकी एकीला भट्टीजवळच मुलगी झाली होती. आजीने ती फडक्यात गुंडाळून आणली, वजनकाट्यात ठेवली आणि सिस्टरांना विचारलं, "नाव घालतील का हिचं तुमच्या मोबाइलात?"

"आधार काढावं लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"आदी नाव ठेवू दे गो तिचं," आजी म्हणाली.

गेल्या आठवड्यात सिस्टरांच्या बदलीचा कागद आला. त्यांना शहापूर तालुक्यात पाठवलंय, तानसाकडे. बदली रद्द व्हावी म्हणून मी अर्ज लिहिलाय. ह्या खेपेला खाली पहिली सही उपसरपंचांची आहे. डाव्या हाताने केलीय, वाकडी आहे, पण वाचता येते.