अल्गोत लान्तो रॉकेट शिकतो

सदुसष्टाव्या वर्षी अल्गोत लान्तो कॉम्प्युटरच्या खेळात रॉकेट उडवायला शिकू लागला, तेव्हा मी पोट धरून हसले. चांगल्या मनाने नव्हे. आमच्या किरुनात, स्वीडनच्या उत्तरेतल्या या खाणीच्या गावात, माणसं जन्मभर जमिनीच्या पोटात उतरतात आणि हा म्हातारा एकदम वर निघाला होता.

मी गुन्वोर, त्याच्या समोरच्या दारातली शेजारीण. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. माझा नवरा गेला, मग अल्गोतची बायको गेली, आणि तेव्हापासून सकाळची कॉफी आम्ही माझ्याकडे घेतो, आमच्या उत्तरेतल्या रिवाजाप्रमाणे आत चीजचे तुकडे टाकून. तो बोलत नाही, मी थांबत नाही. त्या एका तासासाठी मी अंथरुणातून उठते.

रॉकेटचं खूळ त्याच्या मुलीमुळे आलं. तूवा अकरा वर्षांपूर्वी दूर दक्षिणेला गोथेनबर्गला राहायला गेली. निघताना दारात म्हणाली होती, "बाबा, मी जाऊ नये असं वाटतं का तुला?" हा आपला बुटांकडे बघत उभा. पुढे दर नाताळला एक कार्ड, तेही सहीपुरतं. यंदा मात्र त्यात चार ओळी जास्त होत्या. 'फोनवर तू बोलत नाहीस. मी दर रविवारी दहाला रॉकेटच्या खेळात असते. पृथ्वीभोवती फिरत राहायला शीक आणि तिथे ये. निदान कामाचं तरी बोलू.'

"पडद्याकडे बघून यंत्र चालवायला मला कोण शिकवणार?" अल्गोत म्हणाला. खाणीतली दगड उचलणारी यंत्रं त्याने बत्तीस वर्षं तशीच चालवली होती.

पहिल्या रॉकेटचं इंजिन आणि पॅराशूट त्याने एकाच बटणावर लावलं. छत्री जमिनीवरच उघडली आणि रॉकेट तिच्यात गुरफटून आडवं झालं. दुसरं सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. तिसरं भोवऱ्यासारखं फिरलं.

"आज रॉकेटातली किती माणसं मारलीस?" कॉफी ओतताना मी विचारायची.

"तीन."

"सुधारतोयस. काल चार होती."

त्याचे कान लाल व्हायचे. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

नुसतं वर जाऊन भागत नाही हे त्याला कळायला महिना लागला. थोडं वर गेलं की रॉकेट हळूहळू आडवं करायचं आणि इतक्या वेगाने पळवायचं की ते पडत राहावं, पण जमीन काही हाती लागू नये. एप्रिलमध्ये ते जमलं. अल्गोत नुसत्या मोज्यांवर माझ्या दारात आला. "गुन्वोर, पडत नाहीये," म्हणाला. डोळे भरले होते त्याचे.

"थांब, पडेल," मी म्हटलं.

रविवारी मी विणकाम घेऊन त्याच्याकडे जाऊन बसले. तूवाचा आवाज स्पीकरवर येत होता, याच्या डोक्याला नवाकोरा मायक्रोफोन.

"बाबा, मी पुढे आहे ना? मला गाठायचं तर वेग कमी कर. खाली उतरशील. खालची वाट छोटी असते, आपोआप पुढे येशील."

"ब्रेक मारून पुढे जायला मला अजून कुणी सांगितलं नव्हतं."

ती हसली. अल्गोत दिवसभर तेच मला सांगत होता, ती हसली म्हणून.

पुढच्या रविवारी दोन्ही यानं एकमेकांना जोडायची होती. "तोंडं जुळली का, बाबा? येऊ पुढे?" तिने विचारलं. अल्गोतने आमच्या पद्धतीने हो म्हटलं. म्हणजे ओठ आवळून श्वास आत ओढला, श्शुप. आमच्या उत्तरेत हो असंच म्हणतात, त्यासाठी शब्द कोण खर्च करतो?

"बाबा? नाही का? बरं, मी वळते." ती वळली, यानं आपटली, तिच्या यानाचे सौर पंख मोडले. "विचारलं तर बोलत जा ना जरा!" ती चिडली आणि गेली.

"बोललो की," अल्गोत पुटपुटला.

मायक्रोफोनचं खोकं तिथेच पडलं होतं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, श्वासाचे आवाज गाळून फक्त बोलणं पोचवतो. चष्मा माझ्या नाकावर होता, त्याच्या नाही. सांगू म्हटलं नंतर. अजून एक-दोनदा आपटू देत, तेवढीच करमणूक.

मेमधल्या एका रविवारी यानं जोडली गेली. खट्. तूवाने आधी इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "बाबा, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. तू इकडे राहायला ये. कायमचा. येशील?"

अल्गोतने टेबलाची कड पकडली. खांदे वर येईपर्यंत त्याने श्वास आत ओढला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू आला. एवढा मोठा हो मी किरुनात कधी ऐकला नव्हता.

"बाबा?"

तो पडद्याकडे वाकला. पुन्हा श्शुप.

'तो हो म्हणतोय गं,' एवढंच मला ओरडायचं होतं. माझ्या सुया थांबल्या. माझ्या टेबलासमोरची त्याची रिकामी खुर्ची मला दिसली आणि मी मूग गिळून बसले.

"कळलं," तूवा म्हणाली, दुकानदाराशी बोलावं इतक्या नम्रपणे. तिचं यान सुटलं आणि पडद्यावरून तिचं नाव गेलं.

"गेली? मी हो म्हटलं ना, गुन्वोर? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. दोनदा म्हणालास. तिनेही ऐकलं."

"मग?"

"मग काय. म्हातारा किती लाळ घोटतो ते बघायचं असेल तिला."

त्याने डोक्यावरचा मायक्रोफोन काढून ठेवला. नंतर त्याने कॉम्प्युटर बंद केला, आणि कधी नव्हे ते दुपारी माझ्याकडे जेवायला आला.

जूनमध्ये तूवाचा फोन आला. आम्ही कॉफी घेत होतो. पडद्यावरचं नाव अल्गोतने नीट वाचलं, फोन पालथा घातला आणि तो वाजायचा थांबेपर्यंत त्यावर हात ठेवून बसला. मी त्याला आणखी कॉफी ओतली.