दुसऱ्या टोकाकडून

माझी मुलगी नागपूरच्या डॉक्टरकीच्या क्लासमधून दिवाळीआधी घरी परतली, बॅग खोलीत ठेवली, आणि मग ती आणि बॅग दोघी खोलीतच राहिल्या. संक्रांत आली तरी. जेवायला यायची, ताट धुवायची, परत दार लोटून घ्यायची. मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी हात टेकले. दारव्ह्याच्या बाजारात कोणी विचारलं, "पोरगी काय करून राह्यली?" की "अभ्यास" म्हणून मी पिशवी उचलायची. खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आला होता.

कापूस वेचताना आमच्याकडे प्रत्येकीला आपापली पात असते, म्हणजे ठरलेल्या दोन-तीन ओळी. त्या हिवाळ्यात माझी पात रोज मागे पडायची. अशी कोणी मागे राहिली की जी आधी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, पोचते ती वळते, मागे राहिलेलीच्या पातीत पलीकडच्या टोकातून शिरते आणि वेचत वेचत तिला मधेच येऊन भेटते. काहून उशीर झाला, हे कोणी विचारत नाही. मला रोज कोणी ना कोणी असं येऊन भेटायचं, आणि मी मान खाली घालून वेचत राहायची.

मुलीच्या उशाशी एक पुस्तक कायम असायचं, जपानी चित्रकथा, इंग्रजीतली. एका दुपारी ती झोपली असताना मी ते उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझं इंग्रजी बारावीला कसंबसं पास झालेलं, पण चित्रं तर दिसतात. पहिल्याच पानावर बाण काढून काहीतरी लिहिलं होतं. प्रस्तावना असेल म्हणून सोडून दिलं. प्रस्तावना मी मराठीतही वाचत नाही.

गोष्ट रिकाम्या खोलीपासून सुरू झाली. अंथरूण, पडदा, माणूस कोणी नाही. मग भिंतीवर सावली आली, सावलीची मुलगी झाली, माझ्या पोरीएवढी. मधली कितीतरी पानं नुसती काळी होती, तिचा चेहरा तर बघवेना. तरी मी नेटानं पुढे गेले. हळूहळू तिचे डोळे दिसायला लागले, ती आईसमोर जेवायला बसली, आणि शेवटच्या पानावर मैत्रिणींसोबत सायकलवर हसत होती. मला भरून आलं. हिला अशी गोष्ट आवडते म्हणजे हिला बरं व्हायचंय, असं वाटलं. त्या दिवशी भाजीसुद्धा मी मन लावून केली.

जेवताना म्हणाले, "तुह्यं पुस्तक पाह्यलं मी. बरी झाली बाप्पा ते पोरगी शेवटी."

तिचा घास थांबला. कित्येक दिवसांनी तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "आई, ते उजवीकडून वाचतात. तू मांगून वाचलं."

"मंग शेवटी काय होते?"

"शेवटी खोली रिकामी होते."

माझ्या हातातली भाकर हातातच राहिली. अशी भीती मला कधी वाटली नव्हती. स्वतःचा रागही आला, मोठी आली जपानी वाचणारी! पुस्तक चुलीत घालावं, पोरीवर ओरडावं असं मनात आलं, पण ओरडायलाही अंगात बळ लागतं. मी उठून पुस्तक आणलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"तू कोठी हायेस याच्यात?"

तिनं बराच वेळ पानं चाळली. मग उजवीकडून येताना काळी पानं सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे बोट ठेवलं.

"बस तेथीच," मी म्हणाले. "पुढं नोको जाऊ. मी त्या टोकाकून येऊन राह्यली."