तोंडं तीन, पोट एक

त्या इलेक्ट्रिशियनचं नाव मी कधी विचारलंच नाही. बडोद्यात ‘भाई’ म्हटलं की भागतं. नव्वदच्या दशकात अलकापुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नवा इन्व्हर्टर आला होता. वीज गेली की शेजाऱ्यांचे पंखे थांबायचे आणि आमचा फिरायचा, याची मला फार ऐट. इन्व्हर्टरच्या पाठीला तीन सॉकेट होते. तीन आहेत तर तिन्ही वापरावेत म्हणून एका दुपारी मी पंखा आणि टीव्हीच्या जोडीला इस्त्रीही लावली. इन्व्हर्टर केविलवाणा किंचाळला आणि गप्प झाला.

भाई आला. खांद्यावरच्या फडक्याने त्याने आधी इन्व्हर्टर पुसला. ज्या वस्तूला हात लावायचा ती आधी पुसायची, ही त्याची सवय. मग तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा हात पालथा करून त्यावर ठेवला.

“साहेब, तोंडं तीन, पण पेट एकज छे. चारशे वॅटच्या पोटात हजार वॅटची इस्त्री कशी मावणार?” फ्यूज बदलता बदलता त्याने विचारलं, “कॉलेजमां शुं शिकवता?”

“इतिहास,” मी म्हणालो. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

“मग बराबर,” भाई म्हणाला. “इतिहासवाल्याला हे कुठून कळणार?”

जाताना तो दाराबाहेर थांबला. फडकं काढून त्याने माझ्या नावाची पाटी पुसली, त्याखालचं ‘प्राध्यापक, भौतिकशास्त्र’ जरा जास्तच घासून.

“आवजो, साहेब,” म्हणाला आणि जिना उतरला. हसला असता तर बरं झालं असतं.