मांडवात हजर

बोईसरच्या माझ्या खोलीत भिंतीला चार खिळे आहेत. आम्ही चौघं राहायचो तेव्हाचे. आता एकावर माझे कपडे असतात, एकावर छत्री, एक रिकामा, आणि चौथ्यावर परवापर्यंत पितळेची एक झांज टांगलेली होती. जोडीतली एकच. आमच्या खेळाचा तो चषक.

चौघांपैकी मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नमुने तपासायचो, अजूनही तेच करतो. एक कोळगावच्या सरकारी कार्यालयात कारकून. एक डोंगराकडच्या शाळेत मास्तर. चौथा माहीमचा, म्हणजे आपल्या केळव्याजवळच्या माहीमचा. घरची बोट होती, पण हा वेल्डिंग शिकला आणि पाळीच्या नोकरीमुळे आमच्याबरोबर खोलीवर राहायला लागला.

त्या वर्षी सगळं बोईसर मोबाइलवर क्रिकेटच्या टीमा लावत होतं. आम्हीही लावल्या आणि सपाटून हरलो. कारकून वैतागून म्हणाला, ज्यांना आयुष्यात कधी भेटणार नाही त्यांच्यावर कशाला डोकं खपवायचं, आपण आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांची टीम काढू. तुळशीचं लग्न झालं की चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकेकाने पाळीपाळीने पाच जण उचलायचे. बेंजोवाला, ढोलवाला, हळदीचा गायक, तारपावाला, कोणीही. ज्याने पहिला उचलला त्याने पुढच्या फेरीत शेवटी. एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही. मग पावसापर्यंतच्या लग्नांत तुमचा माणूस ऐकलात की दोन गुण. लोकांनी तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं तर पाच. आणि लाइट गेल्यावरही जो थांबला नाही त्याला दहा. हा शेवटचा नियम मास्तरांचा. लाइट आमच्याकडे वरचेवर जायची, पण थांबायचे सगळेच.

भांडणं व्हायची. सोनेरी केसांच्या एका कीबोर्डवाल्यावरून मास्तर आणि कारकून दोन दिवस बोलत नव्हते. मास्तरांनी एका वर्षी तीन तारपावाले उचलले आणि लग्नसराईत त्यातले दोघे कामासाठी गाव सोडून गेले, तेव्हा आम्ही त्यांना महिनाभर चिडवलं. माहीमवाला मात्र दर वर्षी पहिली एकच व्यक्ती उचलायचा. त्याच्या आळीतली एक म्हातारी, हळदीला पारंपरिक गाणी म्हणणारी, तीही माइकशिवाय. तिच्या जागी आम्ही चार गुणी माणसं उचलली असती. तो म्हणायचा, "तुमाला कळायचं नाय."

वही माझ्याकडे. बेरजा, हरकती, निकाल, सगळं मी बघायचो. कारकुनाने एकदा एसटीच्या खिडकीतून ऐकलेल्या बेंजोचे दोन गुण मागितले, तेव्हा मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने नियम लिहिला: मांडवात हजर असेल त्यालाच गुण. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता. नमुना तपासणाऱ्या माणसाला वाटतं, आकड्यात दया आली की काम बिघडलं.

पुढे माहीमवाला आखातात गेला. समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर वेल्डिंगचं काम. तरी खेळ त्याने सोडला नाही. चिठ्ठ्या फोनवर काढायच्या, आणि सुट्टीला आला की आठवड्यात सात लग्नं गाठून गुण वसूल करायचे, असं त्याचं चाले.

मग त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याला रजा मिळाली नाही. हळदीच्या दिवशी दुपारीच त्याचा फोन आला आणि त्याने मला एकच गोष्ट मागितली, की फोन चालू ठेवून मांडवात उभा राहा. मी राहिलो. हात बदलत बदलत अडीच तास उभा होतो. बायका हळद लावत होत्या, स्पीकरवर गाणी लागली होती आणि फोनमध्ये हा ऐकत होता. तेवढ्यात लाइट गेली. स्पीकर बंद पडला, सगळे ओरडले, आणि त्या गोंधळात म्हातारीने बसल्या जागेवरून आवाज लावला. हळूहळू मांडव शांत झाला. संध्याकाळचा उजेड होता तेवढाच. मी फोन तिच्या तोंडाजवळ नेऊन धरला. लाइट येईपर्यंत ती गात राहिली, आणि फोनमधून मला फक्त त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

चार दिवसांनी त्याने आमच्या चौघांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर गुण मागितले. दहा. त्या वर्षी माझी बेरीज त्याच्यापेक्षा चारने जास्त होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो की त्याचा काही संबंध नव्हता. संबंध होता. पाच वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो. मी वहीचं पहिलं पान उघडलं, त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मांडवात हजर नव्हता. गुण नाहीत."

मास्तरांनी लिहिलं, जाऊ दे, देऊन टाक. मी लिहिलं, नियम म्हणजे नियम. आठवड्याने माहीमवाला ग्रुपमधून बाहेर पडला. झांज माझ्या खिळ्यावर आली. पुढच्या तुळशीच्या लग्नाला कारकून म्हणाला, तिघांत काय मजा. मास्तरांची बदली झाली. दोघेही केव्हातरी ग्रुप सोडून गेले, भांडून नव्हे, नुसतेच. मी लग्नांना जात राहिलो. माझं स्वतःचं लग्न काही झालं नाही, पण दुसऱ्यांच्या लग्नांत माझ्याइतका हजर माणूस या तालुक्यात नसेल. पहिली एक-दोन वर्षं तर मी चौघांचेही गुण मांडत होतो. कुणाला दाखवणार होतो, देव जाणे.

या माघात केळव्याला एका सहकाऱ्याकडे हळदीला गेलो होतो. लाइट गेली. मी अंग सावरून उभा राहिलो, सवयीने. मिनिटभरात जनरेटर लागला आणि डीजे जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. मधल्या मिनिटात सगळ्यांनी आपापले मोबाइल पेटवले, गायलं कोणीच नाही. शेजारच्या माणसाला मी म्हणणार होतो की एकदा काय झालं होतं माहीत आहे का. पण त्याला कुठून सांगायला सुरुवात करणार? मला एकदम इतकं एकटं वाटलं की जेवण न करताच मी निघालो.

होळी झाल्यावर एका रविवारी झांज चिंचेने घासली, पिशवीत घातली आणि माहीमला गेलो. त्याची आई अंगणात जवळा वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं, पाणी दिलं, हाडकलास म्हणाली. मी झांज काढून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, काकी, ही त्याची आहे, आमच्या खेळात तो जिंकला होता, माझ्याकडे चुकून राहिली. तिने ती उलटी करून बघितली, दुसरी कुठे आहे विचारलं. दुसरी नव्हतीच म्हटल्यावर हसली.

मी विचारलं, तो कधी येणार आहे.

"होळीला आलता ना, पंदरा दिस व्हता. तुला भेटला नाय?"

मी म्हटलं, नाही.

"बोईसरला जाऊन येतो बोलला व्हता एकदा." ती जवळा हाताने पसरत राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीच्या हळदीला तू फोन धरून उबा व्हतास, मी इसरली नाय. तो अजून समद्यांना सांगतो, मी हळदीला हजर व्हतो. लाइट गेल्ती ते पन सांगतो. रजा नाय भेटली ते नाय सांगत."

मी तिथे बसून राहिलो. तो माझ्याकडे दहा गुण मागतच नव्हता. बहिणीच्या हळदीला तू होतास, एवढंच त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि तिथे त्याच्या वतीने जो उभा होता, त्यानेच लिहून दिलं की नव्हतास.

काकीने त्याला फोन लावू का विचारलं. मी म्हटलं, कामावर असेल, नको. खरं म्हणजे मला धीर झाला नाही. तिने झांज आत नेऊन पाण्याच्या हंड्यावर ठेवली. नेमकी बसली.

खोलीवर आल्यावर वही काढली. पहिल्या पानावरचा नियम खोडला, त्याच्या नावापुढे दहा गुण मांडले आणि त्या वर्षीचा निकाल नव्याने लिहिला. माहीम पहिला, मी दुसरा, सहा गुणांनी. खाली लिहिलं, मांडवात हजर होता, साक्षीदार मी. पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये आता माझ्याशिवाय कोणी नाही. तरी पाठवल्यावर मी तो उघडून वाचला आणि बेरीज पुन्हा एकदा तपासली. बरोबर होती.